घरची खेळणी, घरचं लाकूड – भाग ५ : पेराएवढा तुकडा कापताना

मागच्या आठवड्यात बैलगाडीचा आराखडा खऱ्या मापात कागदावर काढून घेतला. चाकं, आख, साटा, दांडी, जू आणि जुवाच्या शिवळा. आता करवत हातात घ्यायची. गाडीतलं सगळ्यात मोठं लाकूड वीतभर, सगळ्यात लहान बोटाच्या पेराएवढं. धोका आहे तो या पेराएवढ्यात.

दरवाज्याची फळी कापताना तिचं वजनच तिला जागेवर धरून ठेवतं आणि आपला हात पात्यापासून चांगला लांब राहतो. दोन इंचांचा तुकडा हलका असतो, धरायला जागा नसते, म्हणून बोटं नकळत पात्याकडे सरकतात. पातं अडकलं तर फळी थरथरून थांबते. तुकडा मात्र गर्रकन फिरतो, नाहीतर उडतो. म्हणून सुटा लहान तुकडा हातात धरून कापायचाच नाही. लांब पट्टीवर आखायचं, तिथेच भोक पाडायचं, तिथेच घासून कडा मारायच्या, आणि सगळं उरकल्यावर शेवटी तो पट्टीपासून वेगळा करायचा. या लेखातलं बाकी सगळं या एका गोष्टीतूनच निघतं.

कर्नाटकातल्या चन्नपट्टणचे कारागीर वर्षानुवर्षं असंच काम करतात. काळ्या कुड्याचा दांडा लेथवर चढवला की आकार त्यावरच, लाखेचा रंग त्यावरच, केवड्याच्या जातीच्या पानानं चकाकीही त्यावरच. खेळणं दांड्यापासून सुटतं ते पूर्ण होऊनच. आंबोली घाट उतरून सावंतवाडीला गेलात, तर तिथली लाकडी फळं आणि खेळणी हातात घेऊन बघा. पांगाऱ्यासारखं हलकं लाकूड तिथल्या कारागिरांनी उगाच निवडलेलं नाही. मऊ लाकडाला जोर कमी लागतो, आणि जोर कमी म्हणजे हात घसरण्याची भीतीही कमी. बाभळीवर किंवा जुन्या सागवानावर शिकायला बसू नका.

आता कोल्हापूरच्या खास दुखण्याकडे येतो. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार केला आणि ज्या गावात शिवाजी उद्यमनगरसारखी कारखान्यांची वसाहत आहे, तिथे ‘विकत कशाला, घरीच बनवू’ ही खोड असायचीच. मला ती आवडते. पण या खोडीतूनच एक प्रकार निघाला आहे: फरशी कापायचा मार्बल कटर प्लायवुडखाली उलटा बांधायचा, फटीतून पातं वर काढायचं, बटण कायमचं दाबून ठेवायचं, आणि झालं लाकूड कापायचं टेबल! चार इंची पातं मिनिटाला बारा हजारांच्या आसपास फेरे घेतं, म्हणजे त्याच्या दात्यांचा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या घरात जातो. पात्यावर झाकण नाही. कापलेल्या फटीनं पातं आवळू नये म्हणून मागे जी पाचर लागते तीही नाही. अशा पात्यात दोन इंचांचा तुकडा अडकला की तो थेट कापणाऱ्याच्या अंगावर येतो, आणि त्याला ढकलणारी बोटं पात्यावर जातात. त्यातच मध्येच वीज गेली आणि बटण दाबलेलंच राहिलं, तर वीज परत येताच ते पातं कुणालाही न विचारता सुरू होतं. ग्राइंडरला लाकडाचं दातेरी पातं लावणं हाही त्यातलाच प्रकार. खेळण्याच्या कामात या दोन्हींना थारा देऊ नका.

यंत्र वापरायचंच असेल तर पातं वरखाली हलणारी बारीक स्क्रोल सॉ बरी. तिच्यावरही लहान तुकडा दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपनं मोठ्या फळीवर बसवून मगच कापायचा. फिरणाऱ्या यंत्राजवळ हातमोजे नकोत. मोजा अडकला की हात आत ओढला जातो. मनगटावरचे गंडेदोरे, अंगठी, ओढणी, पदर यांचंही तेच. आणि कोल्हापुरी चप्पल कितीही देखणी असली तरी तिच्यात बोटं उघडी राहतात, तेव्हा कामाला बसताना बूट घाला.

घरच्या घरी खरं तर हातकरवत पुरते. तिच्यासाठी आधी एक ठेपेची फळी करून घ्या. फूटभर लांब, आठ इंच रुंद अशी सपाट फळी. तिच्या पुढच्या कडेला खालून एक पट्टी ठोका, म्हणजे ती टेबलाच्या कडेला अडकेल. मागच्या कडेला वरून दुसरी पट्टी; हीच ठेप. लाकूड ठेपेला टेकवून डाव्या तळव्यानं दाबायचं. करवत पुढे गेली की ती लाकडाला ठेपेवरच रेटते, त्यामुळे लाकूड पळत नाही. पट्टीचा लांब भाग हाताखाली ठेवा आणि सुटणारा तुकडा करवतीच्या पलीकडे. सुरुवातीला करवत एक-दोनदा हलकेच मागे ओढून खाच पाडा, मग पुढे रेटा. शेवटच्या दोन-तीन घासांना जोर काढून घ्या, नाहीतर खालच्या बाजूला धस निघते आणि तीच पुढे पोराच्या बोटात शिरते.

चाकांसाठी खोऱ्याचा जुना, पूर्ण वाळलेला दांडा चांगला. ओल्या दांड्याच्या चकत्या महिन्याभरात तडकतात. गोल दांडा ठेपेवर गडगडतो, म्हणून लाकडाच्या ठोकळ्यात लांबट खाच पाडून दांडा तिच्यात बसवा आणि क्लॅम्पनं आवळा. आधी दांड्याच्या तोंडावर मधोमध आखाचं भोक पाडा, चार सेंटिमीटर खोल. मग चकत्या काढा. बारा मिलिमीटर जाडीच्या तीन चकत्या एका भोकात निघतात. सुटी चकती चिमटीत धरून तिला ड्रिल लावायला गेलात, तर चकती ड्रिलबरोबर गरगर फिरणार आणि चिमटी सोलून निघणार.

शिवळांना बांबूच्या काड्या घ्या. त्या कापायला लाकडाची करवत नको, लोखंड कापायचं हॅक्सॉ घ्या. एका वेळी पात्याचे निदान तीन दाते लाकडावर टेकले पाहिजेत; दाते मोठे असले की काडी कापली न जाता फाटते. इंचाला चोवीस दात्यांचं पातं इथे चालतं.

कारखान्यांतून मिळणारं पाइनचं पॅकिंगचं लाकूड मऊ आणि स्वस्त असतं. परदेशातून आलेल्या खोक्यावर ‘एचटी’ ही इंग्रजी अक्षरं असतील, तर लाकूड तापवून कीडमुक्त केलेलं आहे. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली. ते खेळण्याला नको. मोडलेले खिळे चुंबकानं शोधून काढल्याशिवाय करवत लावू नका.

तुकडा कापून झाला की त्याचं माप पाहायचं. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी भारतीय मानक आयएस ९८७३ मध्ये ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्याची चाचणी आहे. त्यात न दाबता पूर्ण मावणारा तुकडा मुलाच्या घशात अडकू शकतो. घरी पुठ्ठ्याला सव्वा इंचाचं गोल भोक पाडा. चाक, शिवळ, सुटू शकेल असा प्रत्येक तुकडा त्यातून आडवा-उभा घालून बघा. जो पलीकडे पडेल तो तीन वर्षांखालच्या मुलाच्या गाडीत नको. अशा मुलासाठी चाकं दोन इंचांची करा आणि शिवळा सरळ गाळून टाका. शिवळांवाचून त्याचं काही अडत नाही.

पुढच्या आठवड्यात जोडणी आणि रंग. तोवर भोकाचा पुठ्ठा आणि ठेपेची फळी तेवढी तयार ठेवा.