वर्ड नवं, फाइल जुनी

वर्डची नवी आवृत्ती घेतली की जुनी .डॉक फाइल उघडते, पण वरच्या पट्टीत ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ असं दिसतं. घाबरू नका. वर्ड २००७पासून फाइल साठवायची पद्धतच बदलली. .डॉकएक्स ही खरं तर झिप फाइल असते. तिची एक प्रत काढून नावाचं शेपूट ‘झिप’ करा आणि उघडा: मजकूर एका एक्सएमएल फाइलीत आणि चित्रं ‘मीडिया’ नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये सापडतील. ‘फाइल’मधल्या ‘इन्फो’त जाऊन ‘कन्व्हर्ट’ दाबलं की जुनी फाइल या नव्या रूपात येते.

मराठी लिहिणाऱ्यांची खरी डोकेदुखी पुढेच आहे. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला ‘भारत’ हा शब्द संगणकाच्या लेखी एच, के, के, जे, आर अशी रोमन अक्षरं असतो. फॉन्ट त्यांवर फक्त देवनागरीचा मुखवटा चढवतो. नव्या संगणकावर तो फॉन्ट नसला की मुखवटा गळतो आणि पानभर अगम्य इंग्रजी दिसते. ‘कन्व्हर्ट’ इथे काहीच करू शकत नाही, कारण ते फाइलीचा साचा बदलतं, अक्षरांचे सांकेतिक क्रमांक नाही. युनिकोडमध्ये मात्र ‘क’चा क्रमांक ०९१५, मग फॉन्ट कुठलाही असो. म्हणूनच त्यात शोध नीट चालतो.

तेव्हा जुना मजकूर फॉन्ट-परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणा, रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला, आणि तोवर मूळ फाइल पुसू नका.