दंतमूलखुंटी
मूलनालिका उपचार (रूट कॅनाल) केलेल्या दाताचा हिरडीवरील भाग बव्हंशी नष्ट झाला असल्यास नव्या गाभ्याला आधार मिळावा म्हणून मुळाच्या नालिकेत बसविण्यात येणारी बारीक दांडी. दंतवैद्यकात ती ‘पोस्ट’ या नावाने ओळखली जाते. गाभ्यावर कृत्रिम टोपी बसवितात. प्येअर फोशार या फ्रेंच दंतवैद्यांच्या १७२८ मधील ग्रंथात धातूच्या खुंट्यांचे वर्णन आढळते.

खुंटीमुळे मूळ बळकट होते, ही जुनी समजूत आता मागे पडली आहे. नालिका रुंद करताना दंतिन खरवडले जाऊन मूळ उलट दुर्बल होते. म्हणून दाताचा पुरेसा भाग शिल्लक असल्यास खुंटी टाळतात.

पदार्थांची तुलना करताना ताठरपणा महत्त्वाचा ठरतो. दंतिनाचा यंग गुणांक सुमारे १८ गिगॅपास्काल असून काचतंतू-रेझीन खुंटीचा साधारणतः २० ते ५०, टिटॅनियमचा सुमारे ११०, तर अगंज पोलाद व झिर्कोनिया यांचा सुमारे २०० असतो. ताठर खुंटी वाकत नसल्याने प्रतिबल मुळात खोलवर एकवटते व मूळ उभे चिरू शकते. असा दात बहुधा काढावाच लागतो. काचतंतूंची खुंटी दंतिनाबरोबर थोडी वाकते. तीवर अतिभार आल्यास बहुधा ती सुटते किंवा गाभा मोडतो. दाताची पुन्हा दुरुस्ती करता येते.

प्रयोगशाळेत काढलेल्या दातांवर तिरकस दाब देऊन भंगभार न्यूटनमध्ये मोजतात. ओतीव धातूची खुंटी पुष्कळदा अधिक भार सोसते; तथापि सर्व निष्कर्ष एकसारखे नाहीत. शिवाय तोंडात एकच मोठा भार न येता लहान भार लक्षावधी वेळा येतात. त्यामुळे भंगभाराइतकाच भंगाचा प्रकारही विचारात घ्यावा लागतो. टोपीच्या कडेखाली १.५ ते २ मिमी. उंचीचे निरोगी दंतिनाचे कडे शिल्लक असणे हे खुंटीच्या पदार्थापेक्षाही अधिक निर्णायक मानले जाते. मुळाच्या टोकाशी ४ ते ५ मिमी. गटापर्चाचे भरण राखणेही आवश्यक असते.

निवडीत रुग्णाची सोयही पाहावी लागते. ओतीव खुंटी नालिकेच्या मापाने घडविली जात असल्याने रुंद वा वेड्यावाकड्या नालिकेत नीट बसते. मात्र तिच्यासाठी सहसा दोन खेपा लागतात. काचतंतूंची तयार खुंटी एकाच खेपेत बसते, परंतु चिकटविताना लाळेचा ओलावा कटाक्षाने टाळावा लागतो. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात लोणी व संगमनेर येथे दंत महाविद्यालये आहेत. अशा ठिकाणी दूरच्या खेड्यातून येणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने एक खेप वाचणे आणि पुढे बिघाड झाला तरी दात वाचविता येणे, या दोन्ही गोष्टींना महत्त्व आहे.