जुन्या गाडीला नवं इंजिन, आणि मग बाकी सगळं

बीड जिल्ह्यात गेवराईकडून त्वरिता देवीच्या तलवाड्याला जायचं असो की पलीकडे गोदाकाठच्या एखाद्या गावाला, एसटी चुकली की मराठवाड्यातल्या प्रवाशाला वर्षानुवर्षं आधार होता तो जीपचा. पुढे ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना माणसं, मागे समोरासमोरच्या बाकांवर गुडघ्याला गुडघे, टपावर पोती. जुन्या जीपगाड्या कारखान्यातून निघाल्या तेव्हा पेट्रोलवर चालत. सव्वादोन लिटरचं ते इंजिन दणकट होतं, पण पेट्रोलचे भाव चढत गेले तसं ते धंद्याला परवडेना. मग कितीतरी गाड्यांचं पेट्रोल इंजिन उतरवून तिथे डिझेल आलं. ‘गाडीला डीआय टाकलंय’, ‘प्युजो बसवलंय’ असं कुणी सांगितलं, की गॅरेजमध्ये आणखी काही विचारायची गरज नसे. प्युजो म्हणजे महिंद्रनं इगतपुरीच्या कारखान्यात फ्रेंच कंपनीच्या सहकार्यानं बनवलेलं डिझेल इंजिन, आणि डीआय म्हणजे ट्रॅक्टरच्या घराण्यातून आलेलं. काहींनी तर बजाज टेम्पोच्या ट्रॅक्समधलं मर्सिडीजच्या आराखड्याचं २.४ लिटरचं इंजिन जीपमध्ये उतरवलं.

युरोप-अमेरिकेत हेच काम जुन्या स्पोर्ट्‌स कारवर होतं. साठ-सत्तर वर्षांपूर्वीची दोन माणसांची देखणी गाडी घ्यायची, तिचं मूळचं छोटं इंजिन काढायचं, त्या जागी मोठं इंजिन आणि पाच गिअरचा आजचा गिअरबॉक्स बसवायचा. तिथे हौस आहे वेगाची, इथे हिशोब होता किलोमीटरमागच्या पैशांचा. लोखंड मात्र दोन्हीकडे एकच प्रश्न विचारतं: इंजिन तर बदललं, त्याच्या मागे काय जोडलंय?

कोब्राची गोष्ट या बाबतीत फार बोलकी आहे. इंग्लंडमधल्या एसी कंपनीची ‘एस’ ही हलकी, चपळ गाडी. १९६२ साली कॅरोल शेल्बी या अमेरिकी रेसरनं तिची कोब्रा केली: तिच्यात फोर्डचं आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन बसवलं. आधी सव्वाचार लिटरचं, मग ४.७ लिटरचं. गाडी गाजली, शर्यती जिंकू लागली, आणि साहजिकच आणखी मोठं इंजिन हवंसं झालं. सात लिटरचं व्ही-८ आलं तेव्हा मात्र जुनी चासी हरली. आडव्या पाट्यांवर तोललेला तो सांगाडा एवढा जोर पेलणारा नव्हता. म्हणून १९६५ साली त्या इंजिनासाठी जाड नळ्यांची नवी चासी आणि कॉइल स्प्रिंगचं सस्पेन्शन तयार करावं लागलं. नाव कोब्राच राहिलं, अंगाखालची गाडी जवळजवळ नवी झाली.

सनबीम टायगरचं दुखणं जागेचं होतं. सनबीम अल्पाइन ही साधारण दीड-पावणेदोन लिटरची इंग्लिश गाडी, तिच्यात १९६४ पासून तेच फोर्डचं व्ही-८ बसू लागलं. बसलं म्हणजे अक्षरशः कोंबलं. स्टिअरिंगची रचना बदलावी लागली. एक स्पार्क प्लग तर असा अडचणीत गेला, की त्याच्यापर्यंत पोचायला इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला भोक ठेवून त्यावर रबराचं बूच लावलं होतं. मेकॅनिकनं आत सीटपाशी वाकून, बूच काढून, तिथून पाना घालायचा! पुढे सनबीमची मालकी क्रायस्लरकडे गेली. स्वतःच्या गाडीत फोर्डचं इंजिन विकणं क्रायस्लरला रुचणारं नव्हतं, पण त्यांच्या स्वतःच्या व्ही-८चा डिस्ट्रिब्यूटर मागच्या बाजूला होता आणि त्या बॉनेटखाली तो मावेना. १९६७ मध्ये टायगर बंद पडली. इंजिनाची ताकद, किंमत, नाव सगळं जुळूनही एका डिस्ट्रिब्यूटरच्या जागेवरून गाडीचं नशीब ठरतं, हे या धंद्यातल्या कुणालाही नवल वाटणार नाही.

तिसरं उदाहरण एमजीचं, आणि ते आपल्याला जवळचं आहे. १९५५ च्या एमजीए स्पोर्ट्‌स कारमध्ये बीएमसी कंपनीच्या बी-सिरीज घराण्यातलं १,४८९ सीसीचं इंजिन होतं. आपली अँबेसेडर वर्षानुवर्षं ज्या इंजिनावर चालली ते याच घराण्यातलं, तेवढ्याच सीसीचं. एमजीएनंतर आलेल्या एमजीबीत ते १,७९८ सीसीचं झालं. तेवढ्यावर समाधान न मानता कंपनीनं १९६७ साली त्याच अंगात सहा सिलिंडरचं तीन लिटरचं बिडाचं इंजिन बसवून एमजीसी काढली. हे इंजिन आधीच्यापेक्षा नव्वद किलोंहून जड. पुढचं सस्पेन्शन बदललं, बॉनेटला उंचवटा आला आणि गाडीचं नाक जड झालं. वळणावर ती सरळ जाऊ पाहते अशी ओरड झाली आणि दोनेक वर्षांत एमजीसी थांबली.

त्यानंतर केन कॉस्टेलो नावाच्या एका मेकॅनिक-रेसरनं त्याच एमजीबीत रोव्हरचं साडेतीन लिटरचं व्ही-८ बसवून दाखवलं. इंजिन आकारानं दुप्पट, पण ॲल्युमिनियमचं, त्यामुळे वजन मूळ इंजिनाच्या आसपासच. गाडीचा तोल टिकला. कंपनीनं ते पाहिलं आणि १९७३ ते १९७६ दरम्यान स्वतः २,५९१ गाड्या बनवल्या. एकच गाडी, दोन मोठी इंजिनं, आणि फरक वजनाचा. इंजिन निवडताना लोक हॉर्सपॉवर विचारतात. आधी विचारायला हवं ते किलो.

आता गिअरबॉक्स. या सगळ्या खटाटोपात जुन्या गाडीला खरा जीव येतो तो गिअरबॉक्समुळे, आणि नेमकं त्याकडेच दुर्लक्ष होतं. जुन्या विलीज जीपचा हिशोब मांडला तर हे चटकन कळतं. तिच्या मागच्या हाउसिंगमधल्या क्राउन-पिनियनचं प्रमाण ५.३८, म्हणजे चाक एकदा फिरायला प्रोपेलर शाफ्ट ५.३८ वेळा फिरतो. टायरचा परीघ साधारण सव्वादोन मीटर. ताशी ८० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १,३३३ मीटर, त्यासाठी चाकाच्या जवळपास ५९० फेऱ्या. वरच्या गिअरला इंजिन आणि शाफ्ट एकाच गतीनं फिरतात, म्हणून इंजिनाच्या फेऱ्या झाल्या मिनिटाला सुमारे ३,२००. पेट्रोल इंजिनाला यात काही विशेष नाही. पण ट्रॅक्टरच्या वंशातलं डिझेल तीन हजारांच्या पुढे जायला फारसं राजी नसतं. सत्तरच्या पुढे गाडी नुसती ओरडते, थरथरते, डिझेल पिते, आणि मालक म्हणतो इंजिनच खराब निघालं. इंजिनाचा यात दोष नाही. त्याच इंजिनाला ०.८ प्रमाणाचा पाचवा गिअर मिळाला तर ताशी ८० ला फेऱ्या साडेपंचवीसशेवर येतात. आवाज उतरतो, ॲव्हरेज वाढतं, बेअरिंगांचं आयुष्य वाढतं.

एमजीबीसारख्या गाडीतही हेच घडतं. चौथ्या गिअरमध्ये ताशी १०० ला तिचं इंजिन साडेतीन हजारांच्या आसपास फिरतं. पाच गिअरच्या आधुनिक बॉक्सनं ते अठ्ठावीसशेवर येतं. म्हणून अनेक जाणकार मूळ इंजिनाला हातही लावत नाहीत, फक्त गिअरबॉक्स बदलतात. एखाद्या जुन्या गाडीवर प्रेम असणाऱ्यानं एकच बदल करायचा ठरवला, तर तो हाच करावा.

असा बदल अख्ख्या कंपनीनं केल्याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली सुरू केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सची कुर्ल्यातून निघणारी पद्मिनी सगळ्यांना ठाऊक आहे: १,०८९ सीसीचं फियाटचं इंजिन आणि स्टिअरिंगच्या दांड्यालगतचा गिअर. १९८५ मध्ये याच कंपनीनं प्रीमिअर ११८ एनई आणली. तिची बॉडी होती फियाट १२४ ची. फियाट १२४ ला १९६७ साली युरोपातली त्या वर्षीची सर्वोत्तम गाडी म्हणून गौरवलं होतं, रशियात तिचीच लाडा झाली आणि स्पेनमध्ये सिआट. त्या स्पेनच्या साच्यांवरून आलेल्या बॉडीत प्रीमिअरनं जपानच्या निस्सानचं ए-१२ हे १,१७१ सीसीचं इंजिन आणि निस्सानचाच गिअरबॉक्स बसवला, गिअरचा दांडा खाली फ्लोअरवर. पुढे तिला पाचवा गिअरही मिळाला. नावातले एन आणि ई म्हणजे ‘निस्सान इंजिन’. ज्यांनी पद्मिनी चालवून मग ही गाडी हातात घेतली, त्यांना फरक पहिल्या चौकातच कळायचा. इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच घरचे, एकमेकांसाठी बनवलेले घेतले, हा प्रीमिअरचा शहाणपणा होता.

फियाट १२४ ला एक धाकटी स्पोर्ट्‌स बहीण होती, उघड्या टपाची १२४ स्पायडर. हे नाव २०१६ मध्ये परत आलं तेव्हा गाडी बनत होती जपानमधल्या हिरोशिमात, माझदाच्या सांगाड्यावर, आणि बॉनेटखाली १.४ लिटरचं इटालियन टर्बो इंजिन होतं. म्हणजे ११८ एनईच्या बरोबर उलट.

कारखान्याकडे आराखडे असतात, मिस्तरीकडे हात आणि लेथ. एका कंपनीचं इंजिन दुसऱ्या कंपनीच्या गिअरबॉक्सला थेट जुळत नाही, बोल्टांची भोकंच वेगळी असतात. मग दोन्हींच्या मध्ये जाड पत्र्याची ॲडॉप्टर प्लेट येते. इथे टर्नरचं कसब लागतं. क्रँक आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट एका रेषेत हवेत आणि चूक चालते ती पाचेक थाऊंची, म्हणजे इंचाच्या पाच हजारांश भागांची. डायल गेज लावून, क्रँक हातानं फिरवत, सुई किती हलते ते पाहायचं. घाईत डोळ्यांनी अंदाज घेतला, तर पायलट बेअरिंग वाजू लागतं, क्लच प्लेट एका बाजूनं झिजते, गिअर आपोआप सुटतो. क्लच प्लेटचे आतले दाते गिअरबॉक्सच्या शाफ्टशी जुळायला हवेत आणि बाहेरचा व्यास फ्लायव्हीलशी. त्यानंतर इंजिनाचं फाउंडेशन, त्याची उंची, त्याचा कल. गिअरबॉक्स आणि मागचं हाउसिंग यांचे कोन सारखे नसतील, तर प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस थरथरतात आणि ठरावीक वेगाला सगळी गाडी घुमते. रेडिएटर लहान पडला, तर बीडच्या मे महिन्यात, पारा चाळिशीपार असताना, काटा लालमध्ये जायला घाट लागत नाही.

आणि ब्रेक. दुप्पट ताकदीचं इंजिन टाकून जुनेच ड्रम ब्रेक ठेवलेली गाडी कितीही चकचकीत असो, तिच्यात कुणी बसू नये. पैसे कमी असतील, तर इंजिन पुढच्या वर्षी घ्यावं, ब्रेक आधी करावेत.

कायदा या कामाकडे कडक नजरेनं पाहतो, आणि त्यामागची कारणं वरच्या परिच्छेदांमध्ये आलीच आहेत. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या फेरबदलांवर मर्यादा आहेत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही स्पष्ट केलं, की उत्पादकानं ठरवलेल्या मूळ रचनेच्या विरोधात जाणारे बदल चालणार नाहीत. आरसी बुकावर इंजिन नंबर असतो. तो आणि बॉनेटखालचा नंबर वेगळा निघाला, तर पासिंगच्या वेळी अडचण येते, आणि अपघातानंतर विम्याच्या वेळी त्याहून मोठी. बीडची एमएच-२३ असो की मुंबईची एमएच-०१, इंजिनाला हात लावण्याआधी आरटीओत जाऊन परवानगीचं विचारणं हीच कामाची पहिली पायरी.

स्पोर्ट्‌स कारच्या मालकांसाठी २०२१ चा नियम आणखी महत्त्वाचा. त्या वर्षी केंद्रानं व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींना नंबरात ‘व्हीए’ अक्षरं मिळतात, नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं. अट अशी, की गाडी मूळ रूपात जपलेली हवी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे एखाद्या जुन्या एमजीत मोठं इंजिन टाकलं, की ती वेगवान होईल, पण व्हिंटेज म्हणून नोंदवण्याचा तिचा हक्क धोक्यात येईल. भारतात अशा गाड्या आधीच मोजक्या उरल्या आहेत. त्यांच्या मूळ चासीवर गॅस कटर चालताना पाहणं दुःखद आहे.

बदल करायचाच असेल, तर तो परत उलटवता येईल असा करावा. नवं फाउंडेशन वेल्डिंगनं न चिकटवता जुन्याच भोकांना बोल्टनं धरावं, गिअरबॉक्सवरच्या बोगद्याचा पत्रा कापू नये, काढलेला प्रत्येक नट चिठ्ठी लावून डब्यात ठेवावा. मूळ नंबरचं इंजिन भंगारात न देता प्लगच्या भोकांतून सिलिंडरमध्ये ऑइल सोडून, सगळी तोंडं बंद करून, लाकडी घोड्यावर ठेवावं आणि दर दोन-तीन महिन्यांनी क्रँक हातानं फिरवत राहावा, म्हणजे पिस्टन रिंगा धरत नाहीत.