रॅम्बोला वेशीबाहेर कोणी घालवले?

गेल्या रविवारी विहारात मुलांचा वर्ग सुटला आणि सातवीतल्या एका चिरंजीवांनी आम्हाला दारातच अडवले. "काका, पहिले शील सांगते जीवहिंसा करू नका. मग तुम्ही दर शनिवारी मारामारीचे इंग्रजी पिक्चर कसे बघता? बाबांनी सांगितले मला." बाबा म्हणजे आमचे शाळासोबती. त्यांचा हिशेब आम्ही वेगळा चुकता करू! पण पोराचा प्रश्न खोटा नव्हता. भोवती चार उपासिका उभ्या होत्या, त्यांनाही उत्तर ऐकायचे होते. आम्ही "पुढच्या रविवारी सांगतो" म्हणून चप्पल घातली आणि निघालो. तेच उत्तर आता वाचकांसमोर ठेवीत आहोत.

गुन्हा कबूल. आम्ही लहानपणापासून मारधाडीच्या इंग्रजी चित्रपटांचे भक्त आहोत. त्या काळी आमच्या चाळीत भीमजयंती झाली की उरलेल्या वर्गणीतून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर रात्रभर भाड्याने यायचा. दोन हिंदी कॅसेटी बायामाणसांसाठी आणि एक इंग्रजी, पोरांसाठी. ती पहाटे तीनला लागायची. पडद्यावर निम्म्या वेळ मुंग्या, आणि संवाद एकालाही कळत नसे. दहावीत दोनदा बसलेला एक दादा पुढे बसून मोठ्याने मराठीत गोष्ट सांगायचा. त्याने सांगितलेली गोष्ट आणि पिक्चरची खरी गोष्ट यांत किती अंतर होते, हे आम्हाला फार पुढे समजले. पण दादाची गोष्ट बऱ्याचदा जास्त चांगली असे.

अशाच एका रात्री ब्रूस लीचा 'फिस्ट ऑफ फ्युरी' लागला. १९७२ सालचा हा चित्रपट हाँगकाँगचा आहे, हॉलिवूडचा नव्हे. पण आम्हाला तेव्हा सगळे 'इंग्लिश'च. शांघायच्या एका बागेच्या दाराशी ब्रूस ली येतो. आत इतर लोक फिरत असतात, कुत्रेही आत जाते, पण त्याला पहारेकरी अडवतो आणि पाटी दाखवतो. कुत्र्यांना आणि चिनी माणसांना प्रवेश नाही. ब्रूस ली उडी घेऊन एका लाथेत त्या पाटीचे तुकडे करतो. दादाने पाटीचा अर्थ सांगितला मात्र, मागून कोणीतरी ओरडले, "चवदार तळं!" आणि सगळी चाळ उठून उभी राहिली. झोपलेली लहान पोरे रडायला लागली.

त्या रात्रीपासून ब्रूस ली आमचा झाला. त्याची कहाणीही आपल्या माणसाला जवळची वाटावी अशीच आहे. जन्म १९४० चा, अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरातला. तरीही 'ग्रीन हॉर्नेट' या अमेरिकन मालिकेत त्याच्या वाट्याला काम आले ते गोऱ्या नायकाची गाडी चालवणाऱ्या केटोचे. पुढे शाओलिन मठातल्या एका भिक्षूवर 'कुंग फू' ही मालिका निघाली. तीत मुख्य भूमिकेसाठी त्याचाही विचार झाला होता, पण ती मिळाली डेव्हिड कॅराडिन या गोऱ्या नटाला. ब्रूस ली हाँगकाँगला परतला. १९७१ च्या 'द बिग बॉस'मध्ये तो बर्फाच्या कारखान्यातला कामगार झाला आणि त्याचे नाव घरोघर गेले. मग हॉलिवूडलाच त्याच्याकडे यावे लागले. 'एंटर द ड्रॅगन' अमेरिकेत लागला १९७३ च्या ऑगस्टमध्ये. तो मात्र जुलैमध्येच गेला होता, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी.

चवदार तळ्याची आठवण निघालीच आहे, तर फरकही सांगितला पाहिजे. २० मार्च १९२७ रोजी महाडला कोणी लाथ मारली नाही. आपली माणसे रांगेने गेली आणि ओंजळभर पाणी प्याली. नंतर मारही त्यांनीच खाल्ला, आणि चवताळलेल्या आपल्या माणसांना बाबासाहेबांनी हात उचलू दिला नाही. तळ्याचा खटला कोर्टात चालत राहिला आणि १९३७ साली हायकोर्टात आपण तो जिंकलो. हा पिक्चर दहा वर्षे चालला म्हणा ना! हॉलिवूडचा कोणताही निर्माता अशा गोष्टीवर पैसे लावणार नाही. मधली नऊ वर्षे नुसत्या तारखाच.

आता श्वार्झनेगर. देहयष्टी बघावी तर त्याचीच. ऑस्ट्रियातल्या खेड्यातून १९६८ साली तो अमेरिकेत आला, आणि २००३ पासून सात वर्षांहून थोडा अधिक काळ कॅलिफोर्नियाचा गव्हर्नरही होता. पण नट म्हणून तो आम्हाला 'टर्मिनेटर'च्या दुसऱ्या भागात (१९९१) सर्वांत आवडतो. तिथे एक लहान मुलगा त्या यंत्रमानवाला बजावतो की माणसे मारायची नाहीत, आणि ते धूड मुकाट्याने ऐकते. पंचशील शिकणारे यंत्र! उलट 'कमांडो' (१९८५) आज बघवत नाही. एकटा माणूस एका बेटावर शेकड्याने लोक झोपवतो आणि मरणाऱ्यांतल्या एकालाही तोंडओळख नसते.

स्टीव्हन सीगल हा हाडे मोडण्यात पटाईत. १९९७ साली त्याला एका तिबेटी लामांनी पूर्वीच्या एका सिद्धपुरुषाचा पुनर्जन्म म्हणून जाहीर केले. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आम्हा मंडळींना यात काय गोडी? त्याचा 'अंडर सीज' पाहावा, बाकी सोडून द्यावे.

कियानू रीव्हजची गोष्ट मात्र गमतीची. १९९३ च्या 'लिटल बुद्धा'त तो सिद्धार्थ झाला आणि लगेच पुढच्या वर्षी 'स्पीड'मध्ये बाँब लावलेल्या बसमध्ये उडी मारून बसला. सिद्धार्थ म्हणून तो दिसला सुंदर. पण तो सिद्धार्थ म्हातारा, आजारी आणि मेलेला माणूस पाहून घर सोडतो. 'बुद्ध आणि त्याचा धम्म'मध्ये बाबासाहेबांनी ही गोष्ट नाकारली आहे. तिथे रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात युद्ध ठरते. सिद्धार्थ भर सभेत उभा राहून युद्धाला नाही म्हणतो, मतदानात हरतो आणि परागंदा होणे पत्करतो. आम्हाला विचाराल तर पडद्यावर यायला हवा होता तो हा प्रसंग. कियानूने तो जीव ओतून केला असता.

जॅकी चॅनला आम्ही मानतो ते वेगळ्या कारणाने. त्याच्या पिक्चरच्या शेवटी नावे सरकत असताना चुकलेल्या उड्या दाखवतात. डोके फुटलेले, पाय मोडलेला, स्ट्रेचरवर घातलेला. १९८६ च्या 'आर्मर ऑफ गॉड'च्या वेळी तर झाडावरून पडून त्याची कवटी फुटली होती. पडद्यावर मजा वाटते, पण पडणारा माणूस खरोखरच पडतो, हे दुसरा कोणी नट दाखवत नाही. नायकासाठी उड्या मारणाऱ्या कामगारांना ऑस्करचे बक्षीसच नव्हते. ते सुरू करण्याचा निर्णय २०२५ साली झाला आणि पहिले बक्षीस २०२८ मध्ये द्यायचे ठरले. म्हणजे शंभराव्या ऑस्करला!

आणि रॅम्बो. याच्यावरून आम्ही मित्रांशी भांडलो आहोत. लोकांना आठवतो तो दुसरा भाग, १९८५ चा. उघड्या अंगाने व्हिएतनाममध्ये घुसून तो माणसे कापत सुटतो. तो पाहताना आम्हीही शिट्ट्या मारल्या आहेत. गावोगाव बुद्धाचे विहार असलेल्या देशातली ती माणसे होती, हे आमच्या ध्यानातही आले नव्हते. २००८ च्या भागात तो ब्रह्मदेशात गेला. तिथे गावे जाळणारे सैनिक बुद्ध मानणाऱ्या देशाचे होते. ते पाहताना मात्र शिट्टी वाजली नाही.

पण पहिला भाग, १९८२ चा 'फर्स्ट ब्लड', हा वेगळाच चित्रपट आहे. सबंध चित्रपटात जेमतेम एक माणूस मरतो, तोही हेलिकॉप्टरमधून पडून. शेवटी हा धिप्पाड माणूस ओक्साबोक्शी रडतो.

आमच्या नालासोपाऱ्यात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उकरला, हे विहारातल्या मुलांना ठाऊक आहे. त्याच गावात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्या लेखात अशोक सांगतो की पूर्वीचे राजे करमणुकीसाठी शिकारीला जात, आपण मात्र धम्मयात्रा सुरू केली. म्हणजे करमणुकीचा प्रश्न आमच्या गावात बावीसशे वर्षांपूर्वीच दगडावर कोरून ठेवलेला आहे. चिरंजीवांना एवढे सांगून टाकावे आणि सुटावे, असा आमचा बेत होता. पण ते खरे उत्तर झाले नसते. शिकार आम्हालाही नको, पण पिक्चर काही सुटत नाही.

म्हणून परवाच्या शनिवारी आम्ही त्या पोराला घरी बोलावले आणि 'फर्स्ट ब्लड' लावला. आमची आई पलीकडे मेथी निवडत बसली होती. तिला इंग्रजीचे एक अक्षर येत नाही. पडद्यावर खांद्याला पिशवी लावलेला, केस वाढलेला रॅम्बो एका गावात येतो. जेवायला कुठे मिळेल, एवढेच विचारतो. तिथला फौजदार त्याला गाडीत घालतो, खानावळ पुढे तीस मैलांवर आहे म्हणून सांगतो आणि गावाबाहेर पुलापलीकडे सोडून देतो. रॅम्बो थोडा वेळ उभा राहतो आणि परत गावाकडे चालू लागतो.

"काका, त्याने काहीच केले नाही. मग त्याला बाहेर का काढले?" पोराने विचारले.

आम्ही तोंड उघडणार, तोच आईने मान वर केली. "गावात घेईनात रे त्याला. तू बघ पुढं," ती म्हणाली, आणि मेथीची जुडी बाजूला सारून पडद्याजवळ सरकून बसली.