नावं शोधणाऱ्यांना न दिसलेली मुलगी

टेलर स्विफ्टचा ‘द लाइफ ऑफ अ शोगर्ल’ आला आणि कुठलं गाणं कुणावर, याच्या याद्या काही तासांतच फिरू लागल्या. होणारा नवरा कुठे, जुने प्रियकर कुठे, रुसवा धरलेली गायिका कुठली, सगळं ठरून गेलं. चाहत्यांचा खेळ म्हणून हे सोडून देता येईल. आपल्याकडेही निवेदकानं गाण्याची जन्मकथा सांगितल्याशिवाय भावगीतांच्या कार्यक्रमात पेटी वाजत नाही. पण गाण्यामागचा माणूस सापडला की गाणं उलगडतं, हे या खेळातलं गृहीतक तपासून पाहावं असं आहे. गायिका जोनी मिचेलच्या ‘ब्लू’ या अल्बमपाशी ते सपशेल तोंडघशी पडतं.

‘ब्लू’ 1971 चा. त्यातल्या गाण्यांमागे ग्रॅहम नॅश आहे, जेम्स टेलर आहे, क्रीटमध्ये भेटलेला एक स्वयंपाकीही आहे, हे तेव्हापासून चघळलं गेलं. ‘रोलिंग स्टोन’नं तर 1972 मध्ये तिच्या कथित प्रेमप्रकरणांचा नकाशाच छापला, त्या रागानं ती पुढे कितीतरी वर्षं त्या मासिकाशी बोलली नाही. त्याच अल्बमवर तिसरं गाणं आहे ‘लिटल ग्रीन’. 1965 मध्ये टोरांटोत, लग्नाआधी, हाताशी पैसे नसताना मिचेलला मुलगी झाली आणि ती तिनं दत्तक देऊन टाकली. हे गाणं त्या मुलीचं. आडवळणानं लिहिलेलं खरं, पण मूल, त्याचं नाव ठेवणं, त्याच्या कागदांवरची सही, सगळं त्यात आहे. तरीही ‘रोलिंग स्टोन’च्या समीक्षकाला ते अगम्य वाटलं. प्रियकर मोजायला बसलेल्यांना बाळ दिसलं नाही! बाईनं गाणं लिहिलं म्हणजे ते पुरुषाबद्दलच असणार, हे आधीच ठरलेलं होतं. पुरुष गीतकाराच्या आयुष्यातल्या बाईला प्रेरणा म्हणायचं, बाईच्या आयुष्यातल्या पुरुषाला भानगड. हा हिशेब अजूनही फारसा बदललेला नाही. मुलीची गोष्ट बाहेर यायला नव्वदचं दशक उजाडलं, आणि 1997 मध्ये मायलेकी भेटल्या.

मग आता ते गाणं अधिक खोल वाटत नाही का, असं कुणी विचारेल. वाटतं, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण दोन दशकांहून अधिक काळ ऐकणाऱ्यांना त्यातलं दुःख माहितीविनाच पोहोचत होतं, म्हणजे गाण्याचं बळ माहितीत नव्हतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: गीतकार स्वतःच तर खुणा पेरतात. स्विफ्टनं सुरुवातीच्या अल्बमांच्या पुस्तिकांत मोठ्या अक्षरांतून गुप्त संदेश लपवले. कार्ली सायमननं ‘यू आर सो व्हेन’ कुणावर आहे, हे गुपित 2003 मध्ये धर्मादाय लिलावात काढलं आणि ते ऐकायला एका गृहस्थानं 50 हजार डॉलर मोजले. (या व्यवहारात गाणं कुठे होतं, कोण जाणे.) पण गीतकारानं दिलेला खुलासा हीसुद्धा त्याची रचनाच असते, आणि ती बदलते. जॉर्ज हॅरिसनचं ‘समथिंग’ घ्या. ते माझ्यासाठी लिहिल्याचं त्यानं मला सांगितलं, असं त्याची तेव्हाची बायको पॅटी बॉइड लिहिते. आपल्या मनात रे चार्ल्सचा आवाज होता, असं तो पुढे सांगतो. आणि सुरुवातीचे शब्द तर जेम्स टेलरच्या एका गाण्याच्या शीर्षकातून आलेले. तिन्ही खरं असू शकतं. यादीत मात्र एकच नाव मावतं.

आणि नाव सांगण्याची किंमत गीतकारापेक्षा दुसऱ्यालाच जास्त पडते. लेनर्ड कोहेननं ‘चेल्सी हॉटेल नंबर टू’मागे गायिका जॅनिस जॉप्लिन असल्याचं मंचावरून सांगून टाकलं. ती 1970 मध्येच गेलेली, त्यामुळे तिची बाजू कुणी ऐकलीच नाही. पुढे 1994 मध्ये बीबीसीवर त्यानं या आगाऊपणाबद्दल खेद व्यक्त केला. गाण्यात तिचं नाव कुठेच नव्हतं.