नांगराच्या कारखान्यातलं मासिक

आपल्या बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांचं सायकलचं दुकान होतं. पुढे त्यांनी लोखंडी नांगर तयार केला, पण तो खपेना. लोखंड लागलं की जमीन नासते, असं शेतकऱ्यांना वाटे. पहिला नांगर विकायला दोन वर्षं गेली. नांगरात खोट नव्हती. गिऱ्हाइकाच्या मनातली शंका फिटली नव्हती.

१९१० साली किर्लोस्करवाडी वसली. तिथूनच १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. कारखान्याची आणि मालाची माहिती त्यातून लोकांपर्यंत जाई. पण नुसती जाहिरात कोण किती दिवस वाचणार? हळूहळू त्यात वाचकांच्या उपयोगाचे लेख आले, कथा आल्या. तेच पुढे घरोघरी वाचलं जाणारं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं.

तुमच्यापैकी कुणी घरचं दुकान सांभाळतं, कुणी कंपनीत ग्राहकांना उत्तरं देतं. व्हॉट्सॲपवर रोज सवलतीचा मेसेज टाकणं सोपं असतं. ‘बिघडलं तर दुरुस्त कोण करून देणार?’ असं कुणी विचारलं, तर त्याच दिवशी, त्याला कळेल त्या भाषेत, मराठीत किंवा कन्नडमध्ये, सरळ उत्तर द्या. गिऱ्हाईक टिकतं ते त्या उत्तरावर.