हृदयाची झडप बदलायची आहे? सहीच्या आधी हे विचारून घ्या

डॉक्टर म्हणतात, अब्बांच्या हृदयाची झडप बदलावी लागेल. घाबरलेल्या घरच्यांनी कागदावर सही केलेली असते, ऑपरेशनही नीट पार पडतं. मग एखादा नातेवाईक विचारतो, "झडप कशाची बसवली?" उत्तर ऐकून घर पुन्हा बेचैन होतं. हा प्रश्न आधीच विचारायला हवा, म्हणून आम्ही हे लिहीत आहोत.

हृदयात चार झडपा असतात. रक्त एकाच दिशेने पुढे जावं, मागे फिरू नये, हे त्यांचं काम. लहानपणी घशाच्या संसर्गाकडे दुर्लक्ष झालं आणि रुमॅटिक ताप आला, तर झडपा खराब होऊ शकतात. वयामुळेही त्या कडक होतात.

1960 मध्ये अमेरिकेत डॉ. अल्बर्ट स्टार यांनी पिंजऱ्यात गोळी असलेली कृत्रिम झडप यशस्वीपणे बसवली. झडप टिकाऊ होती, पण तिच्यावर रक्ताच्या गुठळ्या होत. मग डॉक्टर निसर्गाकडे वळले. 1965 मध्ये पॅरिसमध्ये डॉ. अलँ कार्पेंतिए आणि सहकाऱ्यांनी डुकराची झडप माणसाला बसवली, कारण तिची रचना आपल्या झडपेसारखीच तीन पाकळ्यांची असते. पुढे त्यांनी ग्लुटारल्डिहाइड या रसायनाने अशा झडपा टिकाऊ केल्या.

आज मुख्य प्रकार तीन: डुकराची झडप, गाईच्या हृदयावरच्या आवरणापासून शिवलेली झडप आणि कार्बन-धातूची यांत्रिक झडप. आपल्या देशात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने बनवलेली यांत्रिक झडप 1990 मध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली.

मग सरळ यांत्रिक झडपच घ्यावी का? इतकं सोपं नाही. ती खूप वर्षं टिकते, पण रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि वरचेवर रक्ततपासणी करावी लागते. वॉरफरिनसारखी गोळी गरोदरपणात बाळाला धोक्याची ठरू शकते. प्राण्याच्या झडपेला बहुतेकदा जन्मभर अशी गोळी लागत नाही, पण ती साधारण 10 ते 15 वर्षांत झिजते, तरुणांमध्ये आणखी लवकर. मग पुन्हा ऑपरेशन. म्हणून वय, लिंग, इतर आजार पाहूनच निवड होते.

आता दीनचा सवाल. दुसरा उपाय नसेल आणि जीव धोक्यात असेल, तर मजबुरीत सवलत आहे, असं उलेमा सांगतात. पण पर्याय असेल तर? जनावर जबह केलेलं नसेल तर? रसायनाने रूप बदललं तर हुकूमही बदलतो का? यावर मतं वेगवेगळी आहेत. फतवा देणं आमचं काम नाही. डॉक्टरांकडून माहिती लिहून घ्या आणि ती घेऊन आपल्या मुफ्तीसाहेबांकडे जा. अर्धवट माहितीवर मिळालेलं उत्तरही अर्धवटच असतं.

डॉक्टरांना एवढं विचारा:

- झडप न बदलता दुरुस्त होईल का?
- कोणती झडप बसवणार, ती कशापासून बनली आहे?
- आमच्या पेशंटला दुसरा प्रकार चालेल का? त्यात धोका किती?
- ऑपरेशन किती दिवस थांबू शकतं?

हे विचारण्यात संकोच नको, डॉक्टरांना ही माहिती देता येते. मात्र तातडीचं ऑपरेशन असेल, तर चर्चेत वेळ घालवू नका. आधी जीव वाचवा.